टाके घातलेली खुर्ची

कोलाडच्या आमच्या घराच्या पडवीत एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे. आणली तेव्हा लालभडक होती, आता उन्हाने विटून जुन्या कौलाच्या रंगाची झाली आहे. मागचा उजवा पाय बैठकीला मिळतो तिथे बोटभर चीर आहे, आणि त्या चिरेवर तांब्याच्या तारेचे सात टाके आहेत. टाके माझ्या बाबांनी घातले. खिळा चुलीत तापवून चिरेच्या दोन्ही अंगांना भोकं पाडली, तार ओवली, आतून पीळ दिला आणि पिळाची टोकं आत दाबली, कुणाच्या लुगड्याला अडकू नयेत म्हणून. बाबा सुतार होते. सागात आणि शिसवीत कुसू-खोबण पाडण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाच्या हातचे हे टाके.

मी मुंबईला जाऊन इंटिरियर डेकोरेशन शिकले आणि पुढे पंचवीस वर्षं तोच विषय शिकवला. दुसऱ्या महायुद्धानंतरची इटली हा त्यातला माझा सर्वांत आवडता भाग. त्या काळात मिलानमध्ये खुर्ची, टेबल, कपाट या साध्या वस्तूंवर जेवढा विचार झाला, तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. पण तो भाग शिकवताना मला दर वेळी ही पडवीतली खुर्ची आठवायची. पुस्तकांतला इतिहास मिलानच्या दालनांत संपतो. मला दिसलेला इतिहास तिथून निघतो आणि नागोठण्यावरून कोलाडला येतो.

आधी आमच्याकडची बसायची रीत सांगते. माझ्या लहानपणी आमचा जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. कोलाडपासून जवळच सुतारवाडी नावाचं गाव आहे. आमचं घर तिथलं नव्हे, पण सुतारकाम या मुलखात किती जुनं असेल, ते मला त्या नावात ऐकू येतं. बाबा दारांच्या चौकटी करत, नांगर करत, देव्हारे, पाट, चौरंग, झोपाळे करत. वर्षातून दोन-चार खुर्च्याही करत. लांब हातांची आरामखुर्ची करायला त्यांना आठ-दहा दिवस लागत. लाकूड जोडायला सरस असे. डब्यातल्या सरसाचा उग्र वास आमच्या अंगणाला कायम असायचा. फेव्हिकॉल १९५९ सालीच मुंबईत निघालं होतं, पण बाबांच्या हाताला ते फार उशिरा पटलं.

आपण केलेल्या खुर्चीवर बाबा गिऱ्हाइकाच्या घरी कधी बसले नाहीत. खुर्ची ओटीवर ठेवायची, चारही पाय टेकतात का ते बघायचं, आणि मग पायरीवर बसून पैशांची वाट बघायची. कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं असे. झोपाळ्यावर घरधनी, खुर्चीवर तलाठी किंवा मास्तर, घोंगडीवर भाऊबंद, पायरीवर कारागीर, आणि काही माणसं अंगणातच, उकिडवी. याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्यावरचा हक्क सांगावा लागला, तसाच बसण्याचाही होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, प्रत्येकाच्या गुडघ्यांना मात्र ठाऊक होता.

बायकांना तर उंच आसनच नव्हतं. आमच्या घरात उरलेल्या सागाची एक खुर्ची होती, ती पाहुण्यांची. आजी चुलीपुढे पाटावर बसे, नाहीतर माजघराच्या दाराला टेकून उभी राही. मी एकदा तिला खुर्चीवर बस म्हटलं, तर म्हणाली, "तिथं माझं काय काम?" ती हे खरोखर कामाच्या हिशोबानेच बोलली. तिच्या लेखी खुर्ची हे हुद्द्याचं आसन होतं.

आता मिलान. १९४३च्या ऑगस्टमध्ये त्या शहरावर भयंकर बाँबफेक झाली. युद्ध संपलं तेव्हा हजारो कुटुंबं बेघर होती. १९४७ साली मिलानमध्ये त्रिएनाले हे मोठं प्रदर्शन भरलं, ते वास्तुकार पिएरो बोत्तोनी यांच्या पुढाकाराने सगळं घरबांधणीलाच वाहिलेलं होतं. प्रश्न सरळ होता: लहान खोलीत, थोड्या पैशांत, माणसाने नीट राहायचं कसं? आजोबांचं अवजड कपाट दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मावत नाही. मग घडी घालता येईल, एकावर एक रचता येईल, एका हाताने उचलता येईल असं सामान हवं. इटलीतल्या पुढच्या तीस वर्षांच्या प्रयोगांचं मूळ या अडचणीत आहे.

त्या प्रयोगांना हात मिळाले ते सुतारांचे. मिलानच्या उत्तरेला ब्रियान्झा नावाचा भाग आहे. मेदा, कान्तू अशा गावांत पिढ्यानपिढ्या लाकूडकाम चालत आलेलं. वास्तुकाराने कागदावर काढलेली विचित्र खुर्ची एकच नग करून बघायला तयार होणारे छोटे कारखाने तिथे होते. जिओ पोन्ती या वास्तुकाराने मेदाच्या कासिना कारखान्यात हेच केलं. त्याच्यापुढे नमुना होता कियावारी या समुद्रकाठच्या गावच्या जुन्या हलक्या खुर्चीचा. पोन्ती तिच्यातलं लाकूड काढत गेला, काढत गेला. १९५७ साली जी खुर्ची बाजारात आली, तिचं वजन १.७ किलो होतं. नाव सुपरलेजेरा, म्हणजे अतिशय हलकी. पायांचा छेद गोल किंवा चौकोनी न ठेवता त्रिकोणी केला होता, आणि लहान मूल ती एका बोटावर उचलू शके. सुट्टीत घरी आले असताना मी तिचा फोटो बाबांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "ज्यानं हिचे सांधे केले, त्याचं नाव काय?" मला नाव सांगता आलं नाही. पुस्तकात पोन्तीचं नाव होतं, कारखान्याचं होतं. सांधे करणाऱ्याचं नव्हतं.

त्याच मिलानमध्ये, तिथल्या तंत्रविद्यापीठात, ११ मार्च १९५४ रोजी जूलियो नात्ता या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक नवा पदार्थ तयार झाला. तेलशुद्धीकरणातून निघणारा प्रोपिलीन वायू घेऊन त्याच्या रेणूंची लांब माळ ओवायची आणि माळेतला प्रत्येक मणी एकाच बाजूला तोंड करून बसेल असं बघायचं. अशी शिस्तीत बसलेली माळ कडक होते, उकळत्या पाण्यात टिकते, पुन:पुन्हा वाकवली तरी मोडत नाही. हे पॉलिप्रॉपिलीन. या रचनेला जे ग्रीक धाटणीचं शास्त्रीय नाव मिळालं, ते नात्ताच्या पत्नी रोझिता यांनी सुचवलं. त्या साहित्याच्या अभ्यासक होत्या. १९६३ साली नात्ता यांना जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तोवर मोन्तेकातिनी कंपनीचं हे प्लॅस्टिक मोप्लेन या नावाने इटलीच्या स्वयंपाकघरांत पोचलं होतं.

लाकडाला रेषा असते, गाठ असते. सुताराला तिच्या कलाने जावं लागतं. प्लॅस्टिकला रेषाच नाही. साचा सांगेल तो आकार ते घेतं. आणि म्हणून साचा करणाऱ्याची जबाबदारी फार मोठी. जूलियो कास्तेल्ली या रसायन अभियंत्याने १९४९ साली कार्तेल कंपनी काढली, ती ही जबाबदारी ओळखून. त्यांच्या एका झाकणाच्या बादलीला १९५५ साली कोम्पासो दोरो हा इटलीतला रचनेचा सर्वांत मोठा मान मिळाला. बादलीला! आमच्याकडे पितळेच्या घागरी जाऊन प्लॅस्टिकच्या कळशा आल्या तेव्हा विहिरीवरच्या बायकांच्या कमरेवरचा भार किती उतरला, हे मी पाहिलं आहे. म्हणून त्या निवाडा करणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

बादलीनंतर खुर्ची. १९६४ साली मार्को झानूझो आणि रिचर्ड सॅपर यांनी कार्तेलसाठी मुलांची छोटी खुर्ची केली. ती रंगीत होती, एकीत एक बसवून तिचा मनोराही रचता येई. १९६७ साली जो कोलंबोची मोठ्या माणसांची खुर्ची आली. पाठ आणि बैठक एकसंध, पाय मात्र सुटे. ती साच्यातून सहज सुटावी म्हणून पाठीला खाली भोक ठेवलं होतं, आणि तेच भोक उचलायला मूठ म्हणून कामी येई. १९६९ साली विको माजिस्त्रेत्तीने आर्तेमीदे कंपनीसाठी सेलेने नावाची खुर्ची केली. काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकची, पायांसकट एकाच दाबात घडलेली. तिच्या पायाचा आडवा छेद इंग्रजी एस अक्षरासारखा आहे. पत्रा सपाट असला की वाकतो, त्याला पन्हळ दिली की वाकत नाही. माजिस्त्रेत्तीने पायाला पन्हळ दिली, आणि जाड ठोकळा न लावता पाय उभा राहिला.

या सगळ्यांचं स्वप्न एक होतं. चांगली वस्तू स्वस्त व्हावी आणि सगळ्यांच्या घरी जावी. पण साचे महाग, प्लॅस्टिक नवं, नग थोडे. या खुर्च्या मजुराच्या घरी पोचल्या नाहीत. त्या वास्तुकारांच्या आणि वकिलांच्या दिवाणखान्यांत गेल्या.

मग पुढच्या पिढीला याचा राग आला. १९६६ साली फ्लॉरेन्समध्ये सुपरस्टुडिओ आणि आर्किझूम असे तरुण वास्तुकारांचे गट निघाले. १९६७ साली हवा भरून फुगवायची पारदर्शक खुर्ची आली. १९६८ साली दाणे भरलेली पिशवी आली, साक्को, जिला आपण आज बीन बॅग म्हणतो. १९६९ साली गाएतानो पेशेने फोमची एक खुर्ची केली. हवा काढून ती चपट्या खोक्यात भरत, आणि खोकं उघडलं की श्वास घेतल्यासारखी फुगून उभी राही. स्त्रीदेहासारखा तिचा आकार होता आणि दोरीने बांधलेला गोळा पायाशी होता, बेडी घातलेल्या कैद्यासारखा. बाईला घरात कसं जखडलं आहे ते आपल्याला सांगायचं होतं, असं पेशे म्हणत. मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माजघराच्या दाराशी उभी असलेली आजी दिसली. १९७२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या सगळ्यांचं मोठं प्रदर्शन एमिलिओ अंबाझ यांनी मांडलं. जो कोलंबो ते पाहायला नव्हता. आदल्या वर्षी, आपल्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशीच तो गेला होता.

दोघांचं नाव मी नेहमी वेगळं सांगायची. एत्तोरे सोत्सास १९६१ साली भारतात आला होता. इथले रंग, पूजा, उतरंडीसारख्या रचना त्याच्या मनात राहिल्या आणि पुढे त्याच्या मातीकामात उतरल्या. १९८१च्या सप्टेंबरात त्याच्या मेम्फिस गटाने मिलानला पहिलं प्रदर्शन केलं, ते भडक लॅमिनेट चढवलेल्या कपाटांचं. लॅमिनेट म्हणजे आपल्या तोंडातलं सनमायका. स्वयंपाकघरात आणि उपाहारगृहाच्या टेबलावर चालणारं ते सोत्सासने दिवाणखान्यात आणून बसवलं. आमच्या आंबेवाडी नाक्यावर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेच्या हॉटेलांत, त्या सुमारास अशीच टेबलं होती. चहाचा ओघळ फडक्याने एका फटक्यात पुसला जाई. सागाच्या टेबलावर तो डाग होऊन बसतो.

दुसरा एन्झो मारी. त्याने १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळे यांतून करता येतील अशा टेबलांची, खुर्च्यांची, पलंगांची चित्रं काढली आणि टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही ती दिली. आपल्या हाताने ठोकून बघा, म्हणजे वस्तू अशी का असते ते तुम्हाला कळेल, असं त्याचं म्हणणं. ही चित्रंही मी बाबांना दाखवली. ते म्हणाले, "हा माणूस शिकवणारा आहे." बाबांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखलं. प्लॅस्टिक महागलं आणि इटलीच्या बऱ्याच कारखान्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. पण सबंध खुर्ची एका साच्यात, एका दमात ओतायची, ही कल्पना थांबली नाही. फ्रान्समध्ये आँरी मासोने याने १९७२ साली तशी खुर्ची केली होती. १९८३ साली ग्रोस्फिलेक्स कंपनीने पॉलिप्रॉपिलीनची अगदी स्वस्त खुर्ची काढली आणि तिच्या नकला जगभर झाल्या. दाणा वितळवायचा, दाबाने साच्यात सोडायचा, थंड करायचा. मिनिट-दोन मिनिटांत खुर्ची बाहेर. बाबांचे आठ-दहा दिवस तिथे एका मिनिटात बसले होते.

इकडे १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल लागलं. मुंबई हाय या त्या तेलक्षेत्रातला वायू समुद्राखालच्या नळाने उरणला येऊ लागला. त्यातला इथेन-प्रोपेन वेगळा काढून त्यापासून प्लॅस्टिकचा दाणा करणारा आयपीसीएल कंपनीचा कारखाना १९८०च्या दशकाच्या अखेरीस आमच्या शेजारी, नागोठण्याला उभा राहिला. पॉलिप्रॉपिलीनही तिथे होऊ लागलं. कोलाड-रोह्याची पोरं पाळीवर जाऊ लागली. नात्ताच्या प्रयोगशाळेत चमचाभर निघालेली ती पांढरी भुकटी आता आमच्या तालुक्याच्या उंबऱ्यावर ट्रकांनी भरून निघत होती. १९९३ साली रोह्यापासून वीरपर्यंत कोकण रेल्वे सुरू झाली, कोलाडला स्टेशन झालं, आणि त्याच सुमारास नाक्यावरच्या मंडप डेकोरेटरकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती दिसू लागल्या.

त्याआधी लग्नात वरपक्षाला मोजक्या लोखंडी घडीच्या खुर्च्या मिळत, बाकी मांडव जाजमावर बसे. माझ्या चुलतभावाचं लग्न मला स्पष्ट आठवतं. वैशाखाचा महिना होता. डेकोरेटरच्या पोरांनी टेम्पोतून शंभर खुर्च्या उतरवल्या आणि ओळीने मांडत गेली. कोणाला कुठली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं काही नव्हतंही. सगळ्या सारख्याच. आजी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, गुडघे दुखत होते. एका पोराने तिच्या मागे खुर्ची सरकवली आणि तो पुढच्या ओळीकडे गेला. आजी कडेला टेकली. मग थोडी मागे सरली. मग तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. दोन खुर्च्या सोडून गावचे मोठे घरधनी बसले होते, ज्यांच्या ओटीवर बाबांनी खुर्ची पोचवली होती. दोघांची बैठक एकाच उंचीवर होती. आजी मला म्हणाली, "हलकी हाय गो."

पुढच्या बाजाराला बाबांनी तशीच एक लाल खुर्ची विकत आणली. आयुष्यात विकत आणलेली ती त्यांची पहिली खुर्ची. आणली आणि पडवीत उलटी केली. बैठकीखालच्या शिरा अंगठ्याने चाचपल्या, पाय दाबून बघितला, पायाची आतली वळलेली कड बोटाने वरपासून खालपर्यंत मोजली. म्हणाले, "सांधा कुठेच नाही. पत्र्याला पन्हळ असते तशी दिलीय, तिच्यावर उभी आहे." माजिस्त्रेत्तीचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या पायाचं गुपित मात्र त्यांच्या अंगठ्याने अर्ध्या मिनिटात वाचलं.

बाबांचा धंदा याच खुर्चीने कमी झाला, हे मी लपवणार नाही. खुर्च्यांची कामं आधी बंद झाली, मग पाट-चौरंगांची. ते दारांच्या चौकटींवर आले, पुढे त्याही लोखंडी होऊ लागल्या. ब्रियान्झाच्या सुताराला वास्तुकाराने बरोबर घेतलं. आमच्या सुताराच्या दारी कुणी चित्र घेऊन आलं नाही. सगळ्यांना बसायला मिळालं, ते आमच्या सुताराला वगळून मिळालं. आणि ही खुर्ची उन्हात राहिली की ठिसूळ होते. लाकडाची खुर्ची मोडली तर कुसू नवं घालता येतं, हिला सांधाच नाही तर दुरुस्त काय करणार? मोडली की टाका, अशीच ती जन्माला येते. आज आमच्या कुंडलिका नदीच्या काठाला पावसाळ्यानंतर तिचे तुकडे लागलेले असतात.

आमची खुर्ची चिरली तेव्हा बाबा सत्तरीला आले होते. आजी तोवर रोज संध्याकाळी तिच्यावरच बसत असे. बाबांनी नवी आणली नाही. खिळा तापवला. जिथे साचा करणाऱ्याने सांधा ठेवला नव्हता, तिथे त्यांनी तो करून दिला. त्यानंतर आजी आणखी चार वर्षं त्या खुर्चीवर बसली.

निवृत्तीच्या आधीच्या माझ्या शेवटच्या वर्गाला मी ही खुर्ची मुंबईला नेऊन दाखवली आणि तिचं मोजमापाचं चित्र काढायला लावलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तार पण दाखवायची का?" मी म्हटलं, दाखव, प्रमाणात दाखव, आणि पीळ कुठल्या दिशेला आहे तेही बघ. तिने खुर्ची उलटी केली, टाके मोजले, आणि दाबून बसवलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. मग कागदाच्या कोपऱ्यात, जिथे करणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते, तिथे काय लिहू म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला बाबांचं नाव सांगितलं.